बॅजर उठतो किती वाजता, आणि तुमच्या गडग्याखाली झोपतं कोण?

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. मुलाकडे इंग्लंडला मे आणि जून असे दोन महिने त्या राहून आल्या. तिथे संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना रोज एक प्राणी दिसायचा: बुटका, रुंद, तोंडावर काळे-पांढरे पट्टे. शेजारीण त्याला शेंगदाणे टाकायची. मुलाने सांगितलं, हा बॅजर. गणपतीच्या आधी ताई घरी परतल्या तर आगरात रात्रीचं कुणीतरी उकरतंय. पोफळीच्या बुंध्यांशी वीतभर खोल खड्डे, आणि मागच्या जांभ्याच्या गडग्याखाली एक मोठं बीळ. त्या विचारतात: हा तोच प्राणी का? तो दिवसभर झोपतो कुठे, उठतो किती वाजता, पावसात काय करतो? आणि शेवटी, "नेमकं किती वाजता बॅटरी घेऊन बसले म्हणजे दिसेल?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बॅटरी घेऊन बसू नका. एक तर आपल्याकडे गडग्याच्या दगडांत फुरसं असतं, आणि पाऊस ओसरल्यावरच्या या दिवसांत अंधारात तिथे पाय टाकणं शहाणपणाचं नाही. दुसरं म्हणजे रात्री आगराच्या कडेने फिरणारा बॅटरीचा झोत म्हणजे शिकारी, एवढं त्या प्राण्यालाही ठाऊक असतं आणि वनखात्यालाही. तिसरं कारण जरा लांबचं आहे. "किती वाजता" या प्रश्नातच माझ्या मते चूक आहे, आणि ती मी स्वतः बरीच वर्षं केलेली आहे.

आधी ओळख करून घेऊ. तुम्ही पाहिलात तो युरोपातला बॅजर. तो भारतात कुठेच नाही, त्यामुळे तुमच्या आगरात तो नाही हे नक्की. आपल्या देशात त्याचे नातलग आहेत. ईशान्येच्या जंगलांत हॉग बॅजर आणि फेरेट बॅजर, आणि देशाच्या कोरड्या मुलखात रॅटेल म्हणजे हनी बॅजर. हिंदीत त्याला बिज्जू म्हणतात, मराठीत काही जण चांदी अस्वल म्हणतात. सव्वीस वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मी शेकडो बिळांसमोर कॅमेरे लावले. त्यात रॅटेल एकदाही आला नाही. त्याचा मुलूख घाटापलीकडचा, मोकळ्या माळाचा.

इथे नावांचा मोठा घोळ आहे आणि त्यापायी मला दर महिन्याला फोन येतात. "मसण्याऊद पकडलाय, या," असा निरोप आला की जाऊन बघेपर्यंत काय असेल ते सांगता येत नाही. कुठे कांडेचोराला मसण्याऊद म्हणतात, तर घाटावर कुणी रॅटेललाच तेच नाव देतं. खाडीतल्या पाणमांजराला ऊद किंवा हूद म्हणतात. आणि माळ्यावर रात्री धुडगूस घालतं ते उदमांजर. ते बिचारं मांजरही नाही आणि ऊदही नाही. गंमत अशी की या सगळ्यांत बॅजरच्या खऱ्या कुळातला एकच प्राणी तुमच्या अगदी जवळ आहे, तो म्हणजे खाडीतला ऊद. त्याच्याकडे नंतर येतो.

बॅजर मी स्वतः पाहिलेला नाही, तुम्ही पाहिलात, त्यामुळे त्या बाबतीत तुम्ही माझ्या पुढे आहात. पण बिळात राहणाऱ्या प्राण्यांवर काम करणाऱ्याला बॅजरवरचं वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऑक्सफर्डजवळ वायटम नावाचं एक जंगल आहे. तिथल्या बॅजरांवर १९८७ पासून सलग अभ्यास चालू आहे. एकाच जागच्या रानटी प्राण्यांवर इतका दीर्घ अभ्यास जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

तर तुम्हाला तो खिडकीतून उजेडी का दिसला? बॅजर निशाचर आहे, हे पुस्तकात असतं आणि खरंही आहे. पण तुम्ही गेलात मे-जूनमध्ये. इंग्लंडच्या दक्षिणेला तेव्हा सूर्य मावळतो रात्री साधारण साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान. जूनमधली रात्र जेमतेम साडेसात तासांची. आता बॅजरचा हिशोब बघा. गांडूळ हे त्याचं तिथलं मुख्य अन्न. एकेक गांडूळ वेचून दहा-बारा किलोचा देह पोसायचा, त्यात वसंतात मादीला पिल्लं पाजायची असतात. पिल्लं फेब्रुवारीच्या सुमारास बिळात जन्मतात आणि एप्रिल-मेमध्ये तोंडाशी येऊन खेळायला लागतात. म्हणजे कामाला तास हवेत आणि रात्र तर आखूड. मग तो काय करतो? उजेड असतानाच बाहेर पडतो. उन्हाळ्यात अनेकदा सूर्य मावळायच्या आधीच.

त्याच बागेत तुम्ही डिसेंबरात बसला असतात तर? तेव्हा चारच्या आतच सूर्य बुडतो, रात्र सोळा तासांची. निशाचराला पर्वणीच म्हणायची. आणि नेमका तेव्हाच तो बाहेर यायचं टाळतो. अंधार पडून बराच वेळ गेल्यावर उठतो, थोडं फिरतो, परततो. कधी थंडी कडाक्याची असली तर दिवसचे दिवस येतच नाही. कारण जमीन गोठली की गांडुळं खोल जातात, आणि न मिळणाऱ्या गोष्टीसाठी थंडीत हिंडण्यापेक्षा झोपलेलं स्वस्त पडतं. शरद ऋतूत खाऊन खाऊन साठवलेल्या चरबीवर तो दिवस काढतो. ही खरी शीतनिद्रा नव्हे. तो अधूनमधून जागा होतो, कूस बदलतो, बिळातल्या बिळात फिरतो. पण अंगाचं तापमान बरंच खाली आणतो. उत्तर अमेरिकेतला बॅजर, हा वेगळा प्राणी, यात जास्त वाकबगार आहे. हिवाळ्यात त्याच्या एकेका गाढ झोपेची लांबी मोजली तर ती सरासरी २९ तासांच्या आसपास भरली, आणि शरीराचं तापमान सुमारे ९ अंशांनी उतरलेलं आढळलं. पूर्व पोलंड किंवा फिनलंडसारख्या गोठणाऱ्या मुलखात युरोपचा बॅजरही महिनोन्महिने बाहेर येत नाही. म्हणजे प्राणी तोच, पण इंग्लंडला तो थंडीत आळशी, पोलंडला जवळजवळ कुंभकर्ण.

आपल्याला हे चटकन कळत नाही याचं कारण आपली रात्र. गुहागरला मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात सहाच्या. फरक तासाभराचा. त्यामुळे "कांडेचोर साडेसातला येतो" असं आपण बारा महिने म्हणू शकतो आणि फारसं चुकत नाही. घड्याळावर विश्वास बसतो तो त्यामुळेच.

आता झोपेबद्दल. मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

इंग्लंडातल्या बॅजरचं बीळ म्हणजे आपल्याकडचं एकत्र कुटुंबाचं जुनं घर समजा. पिढ्यान् पिढ्या तेच. प्रत्येक पिढी मागच्या बाजूला एखादी खोली काढते, नवं दार पाडते. एकेका जुन्या घराच्या भुयारांची लांबी शेकडो मीटर भरते. आत झोपायच्या खोल्या वेगळ्या, आणि त्यांत अंथरूण असतं. सुकं गवत, पानं, नेच्यासारखी झुडपं गोळा करून बॅजर त्याचा भारा हनुवटी आणि पुढच्या पायांमध्ये धरतो आणि पाठमोरा, उलट चालत बिळात ओढत नेतो. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात बायका आगरातला पातेरा गोळा करतात ना, तसंच काहीसं, फक्त उलट्या पावली! एखाद्या कोरड्या, उन्हाच्या सकाळी हेच अंथरूण तो बाहेर आणून तोंडाशी पसरून ठेवतो आणि नंतर पुन्हा आत नेतो. माझी आजी पाऊस संपल्यावर गोधड्या पडवीबाहेर उन्हात टाकायची. बॅजरबद्दल पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला तीच आठवली.

एवढं मोठं घर असून तो रोज एकाच खोलीत झोपत नाही. खोल्या बदलत राहतो. एका बाजूला काही दिवस, मग दुसऱ्या बाजूला. त्याच्या अंगावर पिसवा भरपूर असतात, आणि झोपायची जागा बदलली की मागे राहिलेल्या पिसवांना काही दिवस यजमान मिळत नाही, असा अभ्यासकांचा कयास आहे. हिवाळ्यात दोन-तीन जण एकाच खोलीत अंगाला अंग लावून झोपतात. उन्हाळ्यात मात्र काही जण मुख्य घर सोडून हद्दीच्या कडेला असलेल्या एकट्या-दुकट्या बिळात मुक्काम करतात, कधी नुसत्या दाट काटेरी झुडपाखालीही. शौचाला घरात बसत नाहीत. घराजवळ आणि हद्दीवर त्यासाठी ठरलेले छोटे खड्डे असतात.

उठायची पद्धतही बघण्यासारखी आहे. आधी नुसतं नाक बाहेर येतं. वारा हुंगला जातो. नाक आत जातं. थोड्या वेळाने पट्ट्यांचं तोंड, पुन्हा आत. संशय फिटला की मग सगळा देह बाहेर, आणि बाहेर आल्यावर पहिलं काम म्हणजे बूड टेकून खुशाल पोट खाजवणं. शहाण्या माणसानेही उठल्यावर पाच मिनिटं असंच बसावं.

रॅटेलचं सगळं याच्या उलट. आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटात कॉलीन आणि कीथ बेग या दांपत्याने काही वर्षं रॅटेलांच्या मागे अक्षरशः पायी आणि गाडीने फिरून अभ्यास केला. तिथला रॅटेल उन्हाळ्यात रात्री फिरतो आणि थंडी पडली की चक्क दिवसा. वाळवंटात उन्हाळी दुपार भाजून काढते आणि हिवाळी रात्र गोठवते, तेव्हा तो सोयीची बाजू धरतो. मग याला निशाचर म्हणायचं की दिनचर? मी म्हणेन, व्यवहारी म्हणा. आणि झोप? त्याला घरच नाही. जवळजवळ रोज नवं बीळ. जिथे दिवस उजाडेल तिथे दुसऱ्या कुणाचं तरी जुनं बीळ गाठतो, नाहीतर स्वतःच काही मिनिटांत खणून आत पडतो. पिल्लू असलेली मादीदेखील दर काही दिवसांनी त्याला तोंडात धरून बिऱ्हाड हलवते.

दोघे एकाच कुळातले, दोघेही पट्टीचे खणणारे. मग एक पिढीजात घराला चिकटून आणि दुसरा कायमचा फिरस्ता, असं का? उत्तर पोटात आहे. इंग्लंडच्या ओल्या कुरणात गांडुळं आज आहेत तशी उद्याही असणार, पाचशे पावलांवर. तिथे घर बांधणं परवडतं. कालाहारीत आज इथे उंदीर सापडला, उद्याचा विंचू पाच कोसांवर असेल. तिथल्या नराचा वावर पाचशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला आढळला. एवढ्या मुलखात रोज रात्री घरी परतायचं म्हटलं तर चालण्यातच जन्म जाईल. ज्याचं अन्न ठरलेलं त्याचं अंथरूण ठरलेलं. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो, प्राणी झोपतो कुठे हे शोधायचं असेल तर तो जेवतो काय ते आधी बघा.

पोटाच्या जोडीला दुसरी गोष्ट म्हणजे भीती. वायटमच्या जंगलातच एक प्रयोग झाला होता. रात्री बॅजरांसाठी खाणं ठेवलं आणि लपवलेल्या भोंग्यांतून वेगवेगळे आवाज लावले: अस्वलाचे, लांडग्याचे, कुत्र्यांचे, आणि माणसांच्या साध्या बोलण्याचे. अस्वल आणि लांडगा इंग्लंडातून कधीचेच नाहीसे झालेत. तरी अस्वलाचा आवाज ऐकून बॅजर थोडे बिचकले, कुत्र्यांनाही बिचकले. पण माणसांचं बोलणं ऐकल्यावर बहुतेक जण खाण्याकडे फिरकलेच नाहीत, आणि जे आले ते फार उशिरा, घाईघाईने खाऊन गेले. माणूस नुसता बोलत होता, बरं का. पुढे २०१८ साली जगभरच्या ६२ सस्तन प्रजातींवरचे ७६ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं: माणसाचा वावर जिथे जास्त, तिथे प्राणी जास्त रात्रीचे होतात. शिकारी माणूस आणि रानात नुसता फिरणारा माणूस यांत ते फारसा फरक करत नाहीत.

मग तुमच्या मुलाच्या बागेतला बॅजर उजेडी कसा येत होता? शेंगदाणे! रोज एकाच जागी, एकाच वेळी, कष्टाविना खाणं. आणि खिडकीआड बसलेली माणसं त्याला कधी त्रास देत नाहीत, हा त्याचा अनुभव. त्या बागेपुरता त्याचा हिशोब बदलला. तोच बॅजर दोन मैलांवर, कुत्री सोडणाऱ्या माणसांच्या शेजारी असता तर रात्री अकराच्या आत नाकही काढलं नसतं. इंग्लंडात बॅजरच्या बिळाला हात लावणं १९९२ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण बॅजरला कायदा कळत नाही, त्याला शेजार कळतो.

मघाशी म्हणालो, "किती वाजता" ही चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी एका सड्याच्या उतारावर खवलेमांजराचं बीळ सापडलं. जून संपत आलेला, मृग धो धो बरसून गेलेला. कॅमेरा लावला. आठवड्याने संध्याकाळी चारला जाऊन बॅटऱ्या बदलल्या आणि घाईत परतलो, कारण पऱ्ह्याला पाणी चढत होतं. पुढच्या महिन्याभराचे फोटो पाहिले तर प्राणी रोज रात्री बाराच्या सुमारास बिळात परतलेला. मी खूश! पावसाळ्यात खवलेमांजर मध्यरात्रीच झोपायला जातं, असा शोध लागला. एका शाळेत मुलांसमोर ते ठोकूनही दिलं. मग एके दिवशी बाकीचे फोटो चाळताना दिसला गुरं घेऊन निघालेला एक माणूस, डोक्यावर इरलं, अंगावर स्वच्छ सकाळचा उजेड, आणि फोटोखाली वेळ रात्री तीनची! बॅटरी काढल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ आपसूक दुपारी बारावर जाऊन बसलं होतं आणि मी ते लावलंच नव्हतं. चार तासांची चूक. खवलेमांजर बिचारं पहाटे चारला परतत होतं. शाळेत पुन्हा जाऊन सांगितलं. मुलं खूप हसली. (त्या कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या डब्यात मुंग्यांनी अंड्यांसकट घर केलं होतं हे वेगळंच. कोकणातल्या पावसात कॅमेरा हे मुंग्यांसाठी बांधलेलं घरकुल असतं.)

तर आता तुमचा गडगा.

तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून माझ्या मनात चार नावं येतात. सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात शक्य म्हणजे घूस. पण घुशीची बिळं बहुधा एकापेक्षा जास्त असतात आणि तोंडाशी मातीचे ढीग दिसतात, शिवाय पोफळीच्या बुंध्याशी सुटे सुटे वीतभर खड्डे हे तिचं काम वाटत नाही. रानडुक्कर असतं तर तुम्ही "खड्डे" म्हणाला नसतात, "नांगरलंय" म्हणाला असतात. उरले दोन: साळिंदर आणि खवलेमांजर. दोघेही गडग्याखाली राहू शकतात, दोघेही रात्रीचे, आणि दोघांचं झोपणं मात्र अगदी वेगळं.

साळिंदर जोडीने राहतं. बीळ मोठं, तोंड उघडं, आतबाहेर करून जमीन गुळगुळीत झालेली. तोंडाशी एखादा तरी काटा गळून पडलेला सापडतोच, आणि बऱ्याचदा कुरतडलेली हाडं. हाडं पाहून लोक घाबरतात, "आत वाघरू आहे" म्हणतात. पण साळिंदर हाडं आणून कुरतडतं. त्याने दातही झिजतात आणि क्षारही मिळतात. त्याचं खाणं कंद, मुळं, साली, आणि आपल्या दुर्दैवाने माडाची कोवळी रोपं. चांदण्या रात्री ते उघड्यावर कमी फिरतं. पौर्णिमेच्या आसपास तुमचे खड्डे कमी झालेले दिसले आणि अमावास्येला वाढले, तर ती त्याची एक खूण. वाडवडिलांनी लिहून ठेवलेल्या तिथ्या इथे कामाला येतात, कॅलेंडर हाताशी ठेवा.

खवलेमांजर एकटं राहतं. पिल्लू असेल तर ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं. खाणं फक्त मुंग्या आणि वाळवी, दुसरं काही नाही. त्यामुळे त्याचे खड्डे कुठेही नसतात, जिथे मुंग्यांचं घर किंवा वाळवी आहे तिथेच असतात. तुमचे खड्डे पोफळीच्या बुंध्याशी आहेत म्हणता. तिथे वाळवी लागली आहे का, तेवढं बघा. लागली असेल तर उकरणारा तुमच्या आगराचं फुकट काम करतोय. त्याची झोपायची खुण सगळ्यात वेगळी. दिवसा आत गेल्यावर ते आतून माती लोटून तोंड बंद करून घेतं. सकाळी गेलात आणि काल उघडं असलेलं बीळ आज सैल, ताज्या मातीने बुजलेलं दिसलं, तर आत कोण झोपलंय याबद्दल मला फारशी शंका राहणार नाही. त्यातही दोन प्रकारची बिळं असतात, एक राहायचं आणि बाकीची नुसती जेवणाची, म्हणजे वाळवीसाठी उकरून सोडून दिलेली. एकाच प्राण्याची अशी कितीतरी असतात, त्यामुळे बीळ दिसलं म्हणजे घर सापडलं असं होत नाही. ओडिशात नंदनकानन प्राणिसंग्रहालयात बंदिस्त खवलेमांजरांवर लक्ष ठेवलं तेव्हा त्यांची सर्वाधिक हालचाल रात्रीच्या पहिल्या प्रहरात दिसली. आगरात, कुत्री आणि माणसं जागी असताना, ते त्याहून उशिरा निघेल, असा माझा अनुभव आहे.

पावसात काय, असं विचारलंत. आपल्याकडच्या बिळवासीयांसाठी पाऊस हा इंग्लंडच्या बर्फासारखा नाही. अन्न संपत नाही, उलट गांडुळं, वाळवीचे पंख फुटलेले थवे, कुर्ल्या, सगळं वर येतं. अडचण पाण्याची होते, घरात शिरणाऱ्या. म्हणून टिकणारी बिळं तुम्हाला सपाटीवर मिळत नाहीत. ती उतारावर, झाडाच्या मुळांखाली किंवा जांभ्याच्या थराखाली असतात, जिथे दगडाचं छप्पर आयतं मिळतं आणि पाणी खाली वाहून जातं. तुमचा गडगा त्यांना त्याच कारणासाठी आवडला असणार. मुसळधार पावसाच्या रात्री बहुतेक जण उशिरा निघतात किंवा उघडीप मिळेपर्यंत थांबतात.

आता खाडीतल्या उदाबद्दल दोन शब्द, कारण बॅजरचा तुमच्याजवळचा भाऊबंद तोच, आणि त्याला पाहायला बॅटरी लागत नाही. त्याची दिनचर्या सूर्यापेक्षा पाण्यावर चालते. भरती-ओहोटीने मासे जिथे आणि जेव्हा आटोक्यात येतात, तेव्हा तो कामावर. थंडीत सकाळी उशिरापर्यंतही कळपाने दिसतो. पोट भरलं की वाळूच्या पट्ट्यावर लोळून अंग कोरडं करायचं आणि कांदळवनाच्या मुळांत किंवा खडकांच्या कपारीत पडून राहायचं. ठरलेल्या जागी विष्ठा टाकायची सवय बॅजरसारखीच. माशांच्या खवल्यांनी भरलेली, उग्र वासाची. कधी तरीत बसून खाडी ओलांडताना तांडेलाला विचारा, त्याला जागा ठाऊक असते.

तुमच्या बिळासाठी करायचं ते एवढंच. संध्याकाळी उजेड असताना बिळाच्या तोंडात चार-पाच बारीक काटक्या उभ्या रोवून ठेवा, आणि पुढे हातभर जागेत चुलीतली चाळलेली राख पातळ पसरा. पातेऱ्याच्या काटक्या नकोत, त्या वाऱ्याने पडतात. माडाच्या हिराच्या चांगल्या. सकाळी नारळ काढणारे पाडेली यायच्या आत जाऊन बघा. हीर बाहेरच्या बाजूला पडले असतील तर कुणीतरी आतून निघालं. आत पडले असतील तर कुणीतरी शिरलं आणि बहुधा अजून आत आहे. राखेवर उमटलेल्या पावलांचा, शेजारी काडेपेटी ठेवून, वरून सरळ फोटो काढा. असे सहा-सात दिवस करा, आणि रोज तारीख, तिथी, पाऊस होता की नव्हता, एवढं वहीत लिहा. बिळात धूर घालणं, मिरची जाळणं, पाणी ओतणं, कुत्रा सोडणं, दगड लावून तोंड बुजवणं, यातलं काहीही कुणालाही करू देऊ नका. गड्याला तेवढं बजावून सांगा, कारण खवलेमांजराच्या खवल्यांना भलतीच किंमत येते ही अफवा आपल्या वाड्यावाड्यांतून पोचलेली आहे. खवलेमांजर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गडग्यापाशी कुणी फासकी लावलेली दिसली किंवा प्राणी जखमी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि बीळ सापडल्याची गोष्ट सध्या गावभर करू नका. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने डुगवे गावात २०२० साली खवलोत्सव केला, पालखीत खवलेमांजराची प्रतिकृती मिरवली, त्यानंतर या भागात बरीच माणसं या प्राण्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. पण सगळी नाही.

राखेवर पावलाऐवजी नुसती फरफटत गेलेली एक जाड रेघ दिसली, तर ती पुसू नका. ती शेपटीची असेल. तिचा फोटो आधी पाठवा. हाडं आणि काटे सापडले तर घाई नाही, फक्त माडाच्या नव्या रोपांना दिवाळीच्या आधी तट्ट्याचं कुंपण करून घ्या.